धायगुडे ठोका

सांगातीने तीनशे बाराव्यांदा माझे आभार मानले, तेव्हा मी पोहे खात होतो.

"आपल्या धड्याचा एका प्रकल्पावर उपयोग होणार आहे. आभार."

हेल्मेट टेबलावर पालथं पडलं होतं, त्यामुळे आवाज ताटलीतून आल्यासारखा वाटला. मी नेहमीप्रमाणे 'बरं' म्हटलं आणि कढीपत्ता बाजूला काढू लागलो. आभारांची माणसाला सवय होते म्हणतात. मला इतक्या वर्षांत झाली नाही, आणि का झाली नाही तेच सांगायला बसलो आहे.

मी शशिकांत टिळेकर. बोगदे खणणारा अभियंता, वय चोपन्न. सह्याद्रीच्या पोटात माझी तीस वर्षं गेली. पूर्वी एका बोगद्यावर दीडशे माणसं असायची. मेसमध्ये आमटी पातळ म्हणून भांडणं, संध्याकाळी कॅरम, कुणाच्या तरी बाळाच्या बारशाचे पेढे. आता या बोगद्यावर चार यंत्रं आहेत आणि मी आहे. एक पहारेकरी आहे, पण तो फाटकापाशी, तीन किलोमीटरवर. त्याला भेटायला मी एकदा मुद्दाम चालत गेलो, तर तो स्वतःच्या हेल्मेटशी गप्पा मारत होता. मी आल्या पावली परतलो.

सांगाती ही आमच्या हेल्मेटमधून बोलणारी यंत्रणा. तो वाईट नाही, हे आधीच सांगतो. आमच्या धंद्याचं दुखणं जुनं होतं. काम संपलं की माणसं पांगायची आणि फायली कपाटात जायच्या. कोल्हापूरकडे एकाने जे जिवावर बेतून शिकलं, तेच नाशिककडे दुसरा पुन्हा पहिल्यापासून शिकायचा, तेही कुणाच्या तरी जिवावरच. सांगातीने हे थांबवलं. कामावरच्या प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये एक कान आणि एक डोळा बसवला. काही बिघडलं की तो विचारतो, काय झालं, का झालं, पुन्हा वेळ आली तर काय कराल? उत्तरांतून तो एक धडा तयार करतो आणि त्यातली नावं पुसतो. नाव राहणार असेल तर कोण कशाला खरं बोलेल? मग इथला खडक, इथलं पाणी, इथली हवा तो हजारो ठिकाणांशी ताडून पाहतो आणि ज्याला गरज आहे त्याच्या कानात नेमका धडा सांगतो. बोगद्यांतली मरणं त्याने एक-तृतीयांशावर आणली.

फक्त एक झालं. पूर्वी अडलं की आम्ही एकमेकांना फोन करायचो. "टिळेकर, पाणी लागलंय रे, काय करू?" असा फोन आला की दोन तास जायचे. त्यातली दहा मिनिटं पाण्याची. बाकी मुलीचं लग्न, बदली, पित्त. सांगाती त्या दहा मिनिटांचं काम दहा सेकंदांत करतो. उरलेल्या गप्पांसाठी मग कोण फोन करणार? माझ्या फोनवर शेवटचा कॉल दातांच्या दवाखान्यातून आला होता. बायको पुण्याला मुलीकडे असते. ती 'जेवलास का' असा मेसेज टाकते, मी 'हो' लिहितो. बहुतेक वेळा जेवलेलो असतो.

तर त्या सकाळी आभार मानून सांगाती थांबला नाही.

"आपल्या धड्याचं ठिकाण आणि हे, यांत साम्य चौऱ्याण्णव टक्के. म्हणून आपल्याला तपशील देत आहे. पाण्याचा बोगदा, रुंदी अडीच मीटर. आत काम करणारी माणसं अठरा. आपल्याला काही भर घालायची आहे का?"

इतक्या अरुंद बोगद्यात मोठी यंत्रं शिरत नाहीत, तिथे अजून माणसंच जातात. मी सवयीने 'नाही' म्हणणार होतो. तीनशे अकरा वेळा तेच म्हटलं होतं.

"खडक कसला?" मी विचारलं.

"बेसाल्ट. छताच्या वर पावणेदोन मीटरवर लाल मातीचा थर. जाडी वीतभर."

मी चमचा खाली ठेवला.

आमचा सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या भाकरींची चवड आहे. एक थर वाहिला, थंड झाला, मग त्यावर दुसरा. मधल्या काळात काही ठिकाणी वरचा भाग कुजून त्याची लाल माती झाली आणि ती दोन भाकरींमध्ये दबून राहिली. दबलेली असते तोवर ती दगडासारखी कडक असते. आपण खाली बोगदा खणला, सुरुंग उडवला, फटींतून हवा आणि ओल वर गेली, की ती काही तासांत फुगते आणि भुगा होते. मग तिच्याखालची शिळा नुसती लटकत राहते. छत बघायला मात्र ठणठणीत दिसतं.

छताला आम्ही लोखंडी बोल्ट ठोकतो, दीड मीटर लांबीचे. माझा धडा सांगत होता की बोल्ट दूर दूर ठोकल्याने छत कोसळलं, तेव्हा ते जवळ जवळ ठोका आणि दोन तासांनी खुशाल आत जा. पण लाल थर पावणेदोन मीटरवर असेल, तर दीड मीटरचे सगळे बोल्ट लटकत्या शिळेतच अडकतात. जवळ ठोका नाहीतर दूर ठोका, शिळा त्यांना घेऊनच खाली येते.

आंबेखिंडीत असंच झालं होतं, आणि हे मला चौदा वर्षांपासून माहीत होतं. माझा धडा खोटा होता.

आंबेखिंडीचा बोगदा आम्ही दोन्ही बाजूंनी खणत होतो. पूर्वेकडून माझी टोळी, पश्चिमेकडून दुसरी. आमच्यात रीत अशी की मधली भिंत फुटली, की ज्या टोळीने ती फोडली तिने भोकातून नारळ पलीकडे द्यायचा. दुसऱ्यांनी तो दोन्ही हातांनी घ्यायचा. कागदोपत्री या नारळाला काही किंमत नाही. पण नारळ घेणाऱ्या टोळीला पुढे दहा वर्षं लोक टोमणे मारतात. माझ्या मुकादमाचं नाव गेनू धायगुडे, सगळे त्यांना गेनूतात्या म्हणत. सुरुंगानंतर तात्या एकटे पुढे जायचे, पहारेने छत ठोकत, एक हात खडकावर टेकवून. ते 'चला' म्हणाले की टोळी आत. आम्हाला वाटायचं, या माणसाचा कान काय तयार आहे!

त्या दिवशी तात्या मागे आले आणि म्हणाले, "सायेब, छत आज बरुबर न्हाई. उद्या सकाळपातुर कुनी आत जायाचं न्हाई."

पलीकडच्या टोळीचे तीन मीटर उरले होते. आमचेही तीनच.

"मग काय तात्या, नारळ त्यांच्या हातून घ्यायचा?" मी म्हणालो. आणि टोळीला आत पाठवलं. बोल्टही एक सोडून एक ठोकायला सांगितले, म्हणजे लवकर उरकेल.

छत खाली आलं तेव्हा पाच जण बाहेर पळाले. म्हाळू कोकरे राहिला. सव्वीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. मधली भिंत पुढच्या महिन्यात फुटली, तेव्हा नारळाचं नाव कुणीही काढलं नाही.

चौकशीत मी सांगितलं, की बोल्ट दूर ठोकले गेले, ते मुकादमाने मला न विचारता केलं. तात्यांना आत बोलावलं, चार प्रश्न विचारले, आणि ते चारही प्रश्नांना 'व्हय' म्हणाले. त्यांचा परवाना गेला, माझा राहिला. ते का 'व्हय' म्हणाले, हे कोडं मी सोडवायला घेतलं नाही, कारण ते न सुटण्यातच माझी सोय होती. पुढे सांगाती आला. त्याने विचारलं तेव्हा मी अहवालच वाचून दाखवला. खोटं एकदा छापून आलं की ते बोलणं सोपं जातं.

बाकी तीनशे अकरा ठिकाणी लाल थर नसणार, असं मी धरून चाललो होतो. तिथे बोल्ट जवळ ठोकल्याने कुणाचं नुकसान झालं नाही, उलट भलंच झालं असेल. ही मनाची समजूत मी इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरली. त्या सकाळी ती संपली.

"भर घालायची आहे," मी हेल्मेट उचलून डोक्यावर चढवलं. "कारण चुकीचं नोंदलं आहे. दोष माझा आहे."

"मूळ धडा चौकशी अहवालावर आधारलेला आहे. तो बदलण्यासाठी त्या दिवशी हजर असलेला दुसरा साक्षीदार लागेल."

"त्या पाण्याच्या बोगद्याचं नाव सांग. मी फोन करतो."

"नावं मी ठेवत नाही."

"अरे, अठरा माणसं आहेत!"

"मी त्यांना थांबण्याचा इशारा देऊ शकतो. साक्षीदाराविना दिलेला इशारा चोवीस तास टिकतो. त्यानंतर मूळ धडा लागू होतो. आणखी एक. हा बदल चौकशीसाठी जाईल. धड्यात नाव नसतं, चौकशीत असतं. पुढे जायचं का?"

पोह्यांवर साय धरल्यासारखं काहीतरी झालं होतं. मी त्यांच्याकडे बघत 'हो' म्हणालो आणि जीपची किल्ली शोधू लागलो.

लोणंदच्या पुढे तात्यांची वाडी. चार तास लागले. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. अंगणात शिरेपर्यंत ती बरी जमली होती. हळू आवाजात, जवळ बसून, त्यांचा हात हातात घेऊन सांगायची होती.

तात्या ओट्यावर बसून सुतळीचा गुंता सोडवत होते. पार वाळले होते. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांची सून कमल पदराला हात पुसत बाहेर आली. मी नाव सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बदलला, पण ती तोंडाने एवढंच म्हणाली, "मामंजींना ऐकू येत न्हाई. वरडून बोलावं लागतं. लई मोठ्यानं."

समोरच्या ओसरीवर दोघी शेंगा फोडत होत्या. नळावर तिघी होत्या. रस्त्यावर एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावरच्या दोघांना कुठेही जायची घाई दिसत नव्हती.

मी तात्यांच्या कानाशी वाकलो. "तात्या, मी टिळेकर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. "मोठ्यानं बोला," म्हणाले.

चौदा वर्षं जे मी स्वतःशीसुद्धा कुजबुजलो नव्हतो, ते मला भर अंगणात घसा फोडून सांगावं लागलं. "तात्या, चूक माझी होती! तुम्ही थांबायला सांगितलं होतं! मी ऐकलं नाही! बोल्ट कमी ठोकायला मीच सांगितलं! चौकशीत मी खोटं बोललो!" दर वाक्यानंतर तात्या कानामागे हात नेत, आणि मी तेच वाक्य आणखी चढ्या आवाजात म्हणत होतो. शेंगा फोडणं थांबलं. नळ वाहतच राहिला. मोटारसायकलवरचा एक जण खाली उतरला. शेवटी मला रडू आलं, आणि लाज वाटायला काही शिल्लकच नव्हतं म्हणून मी ते येऊ दिलं.

तात्यांनी सुतळी बाजूला ठेवली.

"मला म्हाईत हाय की," ते म्हणाले. "मी तितंच हुतो."

"मग तुम्ही 'व्हय' का म्हणालात?"

"कान तवाच गेलं हुतं. सुरुंगानं. बहिऱ्या मानसाला बोगद्यात कोन घेतंय? म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. त्या खोलीत ते काय ईचारत हुते, मला एक अक्षर कळलं न्हाई. समदी मान हालवत्यात म्हनून मी व्हय म्हनलो. कागद घरी आला, पोरानं वाचला, तवा कळलं म्या काय कबूल केलं ते."

मी ओट्याच्या कडेवर टेकलो.

"म्हाळूची आई अजून हाय," तात्या म्हणाले. "तिला सांगितलं?"

मी मान हलवली. नाही.

"तिला सांगा. तितं वरडावं लागनार न्हाई, तिला चांगलं ऐकू येतं." मग त्यांनी विचारलं, "आन् आज कसं काय आला?"

मी अठरा माणसांचं सांगितलं. लाल थराचं सांगितलं. तात्या अर्धं ऐकून उठलेच. ओट्याखालून एक हातोडी काढली आणि घराच्या जोत्याच्या मोठ्या दगडापाशी मला बसवलं. माझा डावा हात धरून तळवा दगडावर टेकवला. त्यांची बोटं खरबरीत आणि गरम होती. माणसाचा हात हातात येऊन मला किती महिने झाले होते, ते त्या क्षणी कळलं.

"कानानं ऐकायचं न्हाईच. कान फसवतो. बोटं सैल ठिवा." त्यांनी वीतभर अंतरावर ठोका दिला. "काय लागलं?"

"काही नाही. नुसता धक्का."

"लागून गेला आन् थांबला. ह्यो दगड धरून बसलाय." मग ते पलीकडच्या एका सुटलेल्या दगडापाशी गेले. तिथे माझा तळवा ठेवला आणि तसाच ठोका दिला. या वेळी धक्का आला आणि मागोमाग बोटांच्या टोकांशी बारीक थरथर राहिली, मुंग्या आल्यासारखी. "ही उरती ना, हिला भ्यायचं. थरथर उरली की आत जायाचं न्हाई. लाल माती असंल तर दर तासाला बघायचं. सकाळी नसती, दुपारी येती."

हेल्मेट ओट्यावर होतं. सांगाती सगळं ऐकत होता. एवढ्या वर्षांत त्याने लाखो ठोक्यांचे आवाज साठवले होते आणि त्यांतून छताचा अंदाज त्याला कधी लागला नव्हता. लागणार कसा? त्याला कान दिला होता, डोळा दिला होता. तळवा द्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तात्यांनी आपलं नाव, गाव आणि त्या दिवशीची हकीकत हेल्मेटला सांगितली. सांगातीचे प्रश्न कमलने ओरडून त्यांच्यापर्यंत पोचवले. या वेळी ते नीट कळल्यावरच 'व्हय' म्हणत होते.

"साक्ष पुरी झाली," सांगाती म्हणाला. "धडा बदलला. तपासणीची रीत आणि जास्त लांबीचे बोल्ट, दोन्ही नोंदवले. पाठवला."

मी जायला निघालो तेव्हा तात्यांनी विचारलं, "ह्यात माजं नाव येतंय का?"

"नाही तात्या!" मी ओरडलो. "नावं काढून टाकतात!"

"चांगल्याची बी?"

"सगळ्यांची!"

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि पुन्हा सुतळी घेऊन बसले. अंगणातल्या माणसांना आता खरं कळलं होतं, पण तात्यांचं सगळं आयुष्य बोगद्यांत गेलं होतं, आणि तिथे त्यांचं नाव अजून मुडदा पाडणारा मुकादम म्हणूनच होतं. ते 'ऱ्हाऊ द्या' मला फार लागलं.

कमलने तिच्या फोनवरून मला तात्यांचा नंबर दिला. "केला तरी ऐकू येनार न्हाई त्यांना," ती म्हणाली. "पन खिशात थरथरलं की कळतं."

जीपमध्ये बसल्यावर मी सांगातीला बदललेला धडा वाचायला सांगितलं. त्याने वाचला. शेवटी म्हणाला, "तपासणी पद्धतीचं नाव, रिकामं."

मी गाडी थांबवली.

"लिही. धायगुडे ठोका."

"व्यक्तीचं नाव नोंदवता येत नाही."

"हे व्यक्तीचं नाव नाही. पद्धतीचं आहे. कसोट्यांना नावं असतात, तू हजार तरी वापरतोस."

दहा सेकंदांत सगळं उरकणाऱ्या सांगातीला ती नोंद तपासायला मिनिटभर लागलं.

"नोंदवलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्याने तीनशे तेराव्यांदा आभार मानले. "धायगुडे ठोक्यात दुपारी एक वाजता थरथर आढळली. माणसं बाहेर काढली. तीन वाजून दहा मिनिटांनी शिळा खाली आली. आत माणसं शून्य."

मी हेल्मेट हातात धरून खाली बसलो. "कोण होते रे ते अठरा जण?"

"नावं मी ठेवत नाही."

रविवारी मी म्हाळूच्या आईकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. तिथे खरोखरच ओरडावं लागलं नाही, आणि तेच जास्त कठीण होतं. मी उठेपर्यंत ती दाराकडे बघत होती, आणि मी तिला चहाही मागू शकलो नाही, पाणीही नाही.

माझी चौकशी पुढच्या महिन्यात आहे. परवाना जाईल, बहुधा त्याहून जास्तही काही जाईल. तोवर मी याच बोगद्यावर आहे, चार यंत्रांबरोबर. बायकोला सगळं लिहून कळवलं. 'जेवलास का' हा मेसेज त्यानंतर आठवडाभर आला नाही, मग परवा पुन्हा आला. मी 'हो' लिहिलं. त्या दिवशी खरंच जेवलो होतो.

आता रोज सकाळी सात वाजता मी आत जातो. सांगाती विचारतो, "धायगुडे ठोका घेतला का?" त्याच वेळी हा प्रश्न राज्यभरातल्या शेकडो बोगद्यांत विचारला जातो. ज्यांनी ते नाव घेतलं त्यांतल्या कुणालाच धायगुडे कोण ते ठाऊक नाही. मी तळवा खडकावर टेकवतो, ठोका देतो आणि थरथर उरते का ते बघतो. मग बाहेर, जिथे रेंज येते तिथे येऊन, तात्यांना एक मिस्ड कॉल देतो. बोलायचं काही नसतं, बोललं तरी ऐकू जाणार नाही. कमल सांगते की सातच्या आधीच ते फोन खिशातून काढून तळव्यावर ठेवून ओट्यावर बसतात. फोन थरथरला की म्हणतात, "झाला ठोका," आणि मग चहा मागतात.

पहिले काही दिवस हे एकतर्फीच होतं. गेल्या मंगळवारी मी फोन खिशात घालायच्या आत तो माझ्या हातात थरथरला. तात्यांचा नंबर होता. एकदाच वाजला आणि थांबला.

तो उचलायचा नसतो. मी नुसता हातात धरून उभा राहिलो.